मुदतीआधी सोडलेले घर

भाड्याच्या घराचा करार सावकाश, ओळीने वाचला, तर तो सगळा एकाच भीतीपोटी लिहिलेला आहे हे ध्यानात येते. मुदत संपली तरी भाडेकरू घर सोडणार नाही, ही ती भीती. महाराष्ट्रात आपण ज्याला सर्रास भाडेकरार म्हणतो तो बहुतेक वेळा ‘लिव्ह अँड लायसन्स’चा करार असतो, म्हणजे घरमालक आपला कोणताही हक्क न सोडता ठरावीक काळापुरती राहण्याची परवानगी देतो, आणि घेणाऱ्याचा त्या जागेत कसलाही हितसंबंध निर्माण होत नाही, हे वाक्य थोड्याफार फरकाने करारात तीन-चार ठिकाणी तरी भेटते. कुलपाची एक किल्ली मालकाकडे राहील, मालकाला पूर्वसूचना देऊन घराची पाहणी करता येईल, मुदत संपताच घर रिकामे व मोकळे करून द्यावे लागेल. पानामागून पान हेच.

ही भीती उगीच आलेली नाही. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली आणि भाडेकरूला घराबाहेर काढणे महाकठीण होऊन बसले. त्यातून पळवाट म्हणून मालक लायसन्सवर जागा देऊ लागले, तर १९७३ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीला चालू लायसन्सवर राहत असलेल्यांनाही भाडेकरूचे संरक्षण मिळाले. पुण्या-मुंबईच्या जुन्या घरमालकांच्या कुटुंबांत अशा एखाद्या खोलीची कहाणी हमखास ऐकायला मिळते आणि ती सांगताना आवाज अजूनही कडू होतो. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने या मालकांना धीर दिला. त्याच्या कलम २४ नुसार लायसन्सची मुदत संपल्यावरही जो राहत्या घराचा ताबा सोडत नाही, त्याला दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. कलम ५५ ने करार लेखी आणि नोंदणीकृत असणे सक्तीचे केले, नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकली, आणि ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. (त्यामुळे ‘अकरा महिन्यांचाच करार करा, म्हणजे नोंदणी लागत नाही’ हा १९०८ च्या नोंदणी कायद्यावरून रुळलेला सल्ला महाराष्ट्रात केव्हाच निकामी झाला आहे, तरी एजंट मंडळी तो अजून देतात.)

इतकी सगळी तटबंदी घर न सोडणाऱ्यासाठी. ज्याला मुदतीआधीच घर सोडावे लागते, त्याच्यासाठी कायद्यात खास असे काही नाही. त्याचा सगळा व्यवहार करारातल्या एका कलमावर आणि मग दोन माणसांच्या बोलण्यावर येऊन ठेपतो. आमचा तसाच ठेपला.

सिंहगड रस्त्याच्या बाजूला आम्ही दोन बेडरूमचा फ्लॅट घेतला होता. मुदत चोवीस महिन्यांची, १ जूनपासून. भाडे चोवीस हजार, अनामत पंचाहत्तर हजार. पहिले बारा महिने लॉक-इन, म्हणजे तेवढ्या काळात करार मोडायचा नाही, आणि त्यानंतर कोणत्याही बाजूने एक महिन्याची नोटीस. सही करण्यापूर्वी मी कलमे वाचली होती आणि एक बदल सुचवला होता. मूळ मसुद्यात लॉक-इन फक्त आमच्यावर होते, मालकांना मात्र केव्हाही महिन्याच्या नोटिशीवर घर परत मागता येणार होते. घरमालक काकांनी ‘दोघांनाही बंधनकारक’ हे शब्द घालायला खळखळ केली नाही, आणि त्यामुळे त्यांच्याविषयी माझे मत तेव्हाच चांगले झाले होते. लॉक-इन या गोष्टीला माझा विरोध नव्हता आणि आजही नाही. मालकानेही रंगरंगोटी केलेली असते, एजंटला पैसे मोजलेले असतात, दुसऱ्या गिऱ्हाइकांना नकार कळवलेला असतो. वर्षभर घर रिकामे पडणार नाही एवढी खात्री त्याने मागितली, तर त्यात गैर काय? गैर असते ते एकतर्फी लॉक-इन, आणि तसे करार पुण्यात ढिगाने होतात.

मार्गशीर्षात मिरजेला माझ्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, उजवी बाजू आणि वाचा गेली. आईचे गुडघे असे की तिला जिना चढतानाच कोणाचा तरी हात लागतो, ती बाबांना उठवून कुठे बसवणार? मी एकुलती एक. नवऱ्याच्या कंपनीने घरून काम करायला संमती दिली, माझे काम तसेही संगणकावरचे, आणि मुलगी तिसरीत असल्याने तिचे वर्ष मिरजेच्या शाळेत पुरे करता येण्यासारखे होते. चार-सहा महिन्यांसाठी पुण्याचे घर तसेच ठेवून जावे, हाही विचार करून पाहिला. पण डॉक्टरांनी फिजिओथेरपीचा जो काळ सांगितला तो ऐकल्यावर बंद घराचे भाडे भरत राहण्यात अर्थ उरला नाही. जानेवारीअखेर घर सोडायचे ठरले.

मग मी करार पुन्हा काढला. कलमातली भाषा अशी : लायसेन्सीने (म्हणजे आम्ही) लॉक-इन काळात सदर मिळकत सोडल्यास उर्वरित लॉक-इन काळाचे लायसन्स शुल्क देणे त्याच्यावर बंधनकारक राहील व लायसेन्सर (म्हणजे मालक) ते अनामत रकमेतून वळते करून घेऊ शकेल. फेब्रुवारी ते मे, चार महिने, शहाण्णव हजार. म्हणजे अनामत सगळी गेली, आणि वर एकवीस हजार आम्हीच द्यायचे. रुग्णालयाचे बिल नुकतेच भरलेले असताना हा आकडा कागदावर मांडून पाहणे सुखाचे नव्हते, पण मांडला ते बरे झाले. निदान वाईटात वाईट काय होऊ शकते याला एक कड आली.

या कलमात ‘का’ हा प्रश्न कुठेही नाही. तुम्ही चांगली नोकरी लागली म्हणून निघालात, शेजाऱ्याशी पटले नाही म्हणून निघालात, की वडिलांच्या तोंडात चमच्याने पेज भरवायला निघालात, हिशेब सारखाच. त्याबद्दल पहिले काही दिवस माझा संताप होत असे. संताप करारावर होता आणि त्याला ऐकू येत नव्हते, त्यामुळे तो घरातल्या माणसांवर निघे.

न्यू जर्सीत माझी मावसबहीण बरीच वर्षे राहते. तिथल्या कायद्यात या ‘का’ला थोडी जागा आहे, असे तिने सांगितले. एक वर्ष वा अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्यात भाडेकरूला किंवा त्याच्या जोडीदाराला अपंग करणारा आजार वा अपघात झाला आणि त्यामुळे उत्पन्न बुडाले, तर डॉक्टरांचा दाखला जोडून लेखी सूचना देता येते आणि ती मालकाला मिळाल्यापासून चाळिसाव्या दिवशी भाडेपट्टा संपतो. ऐकून मला हेवा वाटला. मग नीट वाचल्यावर लक्षात आले, की आजारी पडायला हवा तो भाडेकरू किंवा त्याचा जोडीदार. दूर गावी आजारी पडलेले आईबाप त्यात बसत नाहीत. म्हणजे माझे बाबा न्यू जर्सीतही नियमात बसले नसते.

आपल्याकडे आणीबाणीत सरकारने एकदा शब्द टाकला होता. एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदी चालू असताना, राज्याच्या गृहनिर्माण विभागाने घरमालकांना किमान तीन महिने भाडेवसुली पुढे ढकलण्याच्या आणि भाडे थकले म्हणून कोणाला बाहेर न काढण्याच्या सूचना दिल्या होत्या. पुढे ढकलणे म्हणजे माफ करणे नव्हे, आणि त्या उन्हाळ्यात पुणे सोडून गावी गेलेल्या किती विद्यार्थ्यांच्या आणि नोकरदारांच्या अनामत रकमा सामानासकट अडकल्या होत्या हे पुण्यात राहणाऱ्या कोणालाही आठवेल. साथ सगळ्यांवर आली तरी हिशेब घराघरात निरनिराळेच मिटले. मग एका घरावर आलेल्या आजाराची काय कथा!

मी काकांना फोन केला. आधी पत्र पाठवायचे की आधी बोलायचे यावर नवऱ्याचे आणि माझे दुमत होते. त्याचे म्हणणे, आधी ईमेल करावा म्हणजे नोटिशीची तारीख पक्की होते. माझे म्हणणे, ज्या माणसाच्या घरी आपण गणपतीला मोदक पाठवले त्याला पहिली बातमी ईमेलने देणे बरे दिसत नाही. शेवटी सकाळी फोन आणि दुपारी ईमेल, असे झाले; व्यवहारात दोन्ही लागते.

काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. बाबांचे वय विचारले, कोणत्या बाजूला झटका आला ते विचारले, त्यांच्या मोठ्या भावाचे असेच झाले होते ते सांगितले. मग म्हणाले, “तुमची अडचण मला समजते हो ताई. पण बँकेचा हप्ता पाच तारखेला जातो, त्याला नाही समजत. तुमच्या भाड्यातून हप्ता जातो, ही काही लपवायची गोष्ट नाही.” मी म्हटले, “काका, तुमचं नुकसान व्हावं असं मलाही वाटत नाही. फक्त ते खरोखर किती होतंय ते आपण बघू या.” यावर ते थोडे थांबले आणि म्हणाले, “अ‍ॅग्रीमेंटमध्ये तर लिहिलंय किती ते.”

इथेच खरी गोष्ट होती. करारात लिहिलेला आकडा आणि प्रत्यक्षात होणारे नुकसान या दोन निराळ्या बाबी आहेत, आणि आपला दीडशे वर्षांचा जुना करार कायदा हे अगदी सरळ सांगतो. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम ७४ नुसार, करार मोडल्यास द्यायची रक्कम करारात लिहिलेली असली, तरी दुसऱ्या पक्षाला मिळते ती वाजवी भरपाई. लिहिलेली रक्कम ही तिची कमाल मर्यादा. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली फतेहचंद विरुद्ध बालकिशन दास या खटल्यात हे उलगडून सांगितले, आणि २०१५ साली कैलाशनाथ असोसिएट्सच्या निकालात, मुळात नुकसान झालेले असणे ही भरपाईची पूर्वअट आहे असे स्पष्ट केले. नुकसान मोजणेच शक्य नसेल अशा प्रकरणांचा विचार वेगळा. पण रिकाम्या फ्लॅटचे नुकसान मोजायला कॅलेंडर पुरते. त्याच कायद्याच्या कलम ७३ च्या स्पष्टीकरणात आणखी एक शहाणपणाची गोष्ट आहे : नुकसान ठरवताना, ते टाळण्याचे कोणते उपाय हाताशी होते तेही पाहावे. म्हणजे दुसरा भाडेकरू मिळत असताना घर रिकामे ठेवून पहिल्याकडून चार महिन्यांचे भाडे मागता येत नाही.

हे सगळे मला एका वकील मैत्रिणीने अर्ध्या तासात समजावले आणि शेवटी बजावले, “यातलं एक अक्षर त्यांना पाठवू नकोस. कलम दिसलं की माणूस वकील गाठतो, आणि शहाण्णव हजारांसाठी कोर्टात जाणाऱ्याचे शहाण्णव हजार तिथेच राहतात.” तिचा सल्ला मी मानला. कलम ७४ मी फक्त स्वतःसाठी वापरले. आपण भीक मागत नाही आहोत एवढे मनाशी पक्के व्हायला त्याचा उपयोग झाला.

दुसऱ्या दिवशी काकांचा व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप आला. घरात चर्चा झाली असावी. “हॉस्पिटलचे रिपोर्ट असतील तर पाठवून ठेवा, म्हणजे आम्हालाही निर्णय घेणे सोपे जाईल.” निरोपात वावगे काही नव्हते, उलट त्यांच्या परीने ते सवलतीला कारण शोधत होते. त्याच संभाषणात वर थोडे सरकवले की हॉलच्या भिंतीचे मी काढून पाठवलेले फोटो होते, खिळ्यांची चार भोके, एअर कंडिशनरखाली आलेला ओलीचा पट्टा, बाल्कनीच्या दाराची सैल झालेली कडी. त्यांच्या खाली बाबांच्या मेंदूच्या एमआरआयचा फोटो चिकटवायचा. मोबाइलमध्ये तो होताच, कारण रुग्णालयाने फिल्मऐवजी लिंक पाठवली होती. मी तो निवडलासुद्धा, आणि मग पाठवला नाही.

कारण एकदा का आजार हा युक्तिवाद झाला, की तो पुरेसा गंभीर आहे की नाही हे कोणीतरी ठरवायचे असते. डावा मेंदू किती टक्के, सुधारणा किती महिन्यांत, दुसरे कोणी करणारे नाही का, नर्स ठेवता आली नसती का. हे प्रश्न काकांनी विचारलेही नसते कदाचित, पण विचारण्याचा हक्क मी त्यांना देऊन बसले असते. शिवाय मग त्यांचा हप्ताही तराजूत टाकावा लागला असता, आणि त्यांच्या भावाचा झटकाही. कोणाचे दुःख भारी, याचा निवाडा भाडेकराराच्या निमित्ताने करण्यात दोघांचीही शोभा नव्हती. मी त्यांना लिहिले, की रिपोर्ट पाठवत नाही, बाबांची विचारपूस करायला आपण केव्हाही फोन करा. घराचे म्हणाल तर माझा प्रस्ताव असा. नोटिशीचा महिना, म्हणजे जानेवारीचे पूर्ण भाडे आम्ही देतो. त्यानंतर नवा भाडेकरू येईपर्यंत घर जितके दिवस रिकामे राहील तितक्या दिवसांचे भाडे आमच्या अनामतीतून कापा, मात्र कमाल दोन महिन्यांचे. नवा भाडेकरू शोधायला आम्ही स्वतः हातभार लावतो, आणि त्याच्याकडून आमच्याइतकेच भाडे घ्यायचे. शेवटची अट महत्त्वाची होती. मालकाने मधल्या काळात भाडे वाढवून पाहायचे ठरवले आणि गिऱ्हाईक त्यापायी बिचकले, तर ते रिकामे दिवस आमच्या माथी का?

काकांनी दोनाऐवजी तीन महिने मागितले. अडीचवर तुटले. हा अडीचचा आकडा कोणत्या तत्त्वावर आला हे मी सांगू शकणार नाही.

पुण्यात घर भाड्याने जाण्याचा हंगाम मे ते जुलै. शाळा-कॉलेजे सुरू व्हायच्या आधी चांगल्या सोसायटीतला फ्लॅट आठवडाभर रिकामा राहत नाही; जानेवारीत मात्र कोणी मुलांची शाळा मध्येच सोडवून घर बदलत नाही, आणि आम्ही नेमके तेच करत होतो. एजंटने दोन-तीन कुटुंबे आणली. एकाला पार्किंग दोन गाड्यांचे हवे होते, एकाला पूर्वेचे दार. मग दोन तरुणी आल्या, दोघी हिंजवडीला नोकरीला, घर पाहता क्षणी आवडले, अनामत तिथल्या तिथे पाठवायला तयार. काकांची हरकत नव्हती. पण सोसायटीच्या चेअरमननी ‘आपल्याकडे फक्त फॅमिली’ असे सांगितले, आणि काकांना कमिटीशी वाकडे घ्यायचे नव्हते. त्या दोघी आल्या असत्या तर फेब्रुवारीचा एक दिवसही रिकामा गेला नसता. चेअरमनच्या या सोवळ्याची किंमत माझ्या अनामतीतून गेली, हे मी घर सोडताना त्यांना सांगितले. ते हसले, त्यांना तो विनोद वाटला.

शेवटी भाडेकरू मिळाला तो नवऱ्याच्या मित्राच्या ओळखीतून : एका राष्ट्रीयीकृत बँकेत नोकरी, नागपूरहून पुण्याला बदली, बायको आणि लहान मुलगा. १ मार्चपासून यायला तयार, भाडे तेच. एजंटला यातले काहीच मिळणार नव्हते, म्हणून तो म्हणाला, “निदान अ‍ॅग्रीमेंट तरी माझ्याकडूनच करून घ्या.” त्याचेही बरोबर होते. तो अंगठ्याचे यंत्र आणि वेबकॅम घेऊन घरी येतो, बोटे टेकवून घेतो, आणि दुय्यम निबंधकांच्या कार्यालयाची पायरी न चढता नोंदणी होते. आमच्या वेळी मुद्रांक शुल्काचा हिशेब त्याने वहीवर करून दाखवला होता : चोवीस महिन्यांचे भाडे पाच लाख शहात्तर हजार, अधिक अनामतीवर वर्षाला दहा टक्क्यांनी धरलेले दोन वर्षांचे व्याज पंधरा हजार, या बेरजेच्या पाव टक्का म्हणजे दीड हजाराला थोडे कमी, आणि महापालिका हद्दीतले घर म्हणून नोंदणी शुल्क एक हजार. न राहिलेल्या महिन्यांचे मुद्रांक शुल्कही त्यात भरले गेलेले असते आणि ते परत येत नाही. रक्कम लहान आहे, पण नव्या कराराच्या खर्चातला निम्मा वाटा आम्ही उचलला तेव्हा काकांना समाधान वाटले. मोठ्या रकमांपेक्षा अशा लहान रकमांनी माणसे सैल होतात.

नव्या करारातली एक गोष्ट मी मुद्दाम पाहिली. बँकेतल्या त्या गृहस्थांनी कलम घालून घेतले, की मुदतीत बदली झाल्यास लॉक-इन लागू राहणार नाही, बदलीचा आदेश दाखवून एक महिन्याच्या नोटिशीवर घर सोडता येईल. काकांनी ते एका शब्दाने मान्य केले. निवृत्त सरकारी माणूस, बदली म्हणजे काय ते त्यांना ठाऊक. बदली ही अडचण करारात सन्मानाने येऊ शकते, कारण तिला सही-शिक्क्याचा कागद असतो आणि त्यात कोणाचे रडगाणे नसते. मग ‘पहिल्या नात्यातील व्यक्तीच्या गंभीर आजारामुळे स्थलांतर करावे लागल्यास नवा भाडेकरू येईपर्यंतचे भाडे, कमाल दोन महिने’ अशी एक ओळ आधीच घालून ठेवायला काय हरकत आहे? करार करताना सगळे धडधाकट असतात, तेव्हा असे काही बोलणे अभद्र वाटते एवढेच. विम्याच्या कागदावर आपण याहून अभद्र गोष्टींवर सह्या करतो.

अनामतीची गोष्ट जरा निराळी झाली. घर सोडताना किल्ल्यांबरोबर अनामत परत, असे करारात असते. प्रत्यक्षात ती रक्कम मालकाकडे क्वचितच तशीच ठेवलेली असते. काकांनी आमचे पंचाहत्तर हजार गृहकर्जाच्या मुदलात भरून टाकले होते, आणि तसे त्यांनी मोकळेपणाने सांगितले. म्हणजे नव्याची अनामत आली की जुन्याला ती द्यायची. ही साखळी पुण्यातल्या हजारो फ्लॅटमधून अशीच चालते आणि हंगामात ती कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण एक कुटुंब सकाळी बाहेर पडते आणि दुसरे संध्याकाळी आत येते. मध्ये महिनाभर खंड पडला की साखळीतली ढिली कडी उघडी पडते. २०२१ च्या केंद्राच्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घराच्या अनामतीवर दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा घातली आहे, पण तो राज्यांसाठी नमुना आहे, आणि आपल्याकडे १९९९ चाच कायदा चालतो. मर्यादेपेक्षाही ती रक्कम बाजूला ठेवली जाते का, हा प्रश्न मला मोठा वाटतो.

जानेवारीच्या अखेरीस टेम्पो आला. सामान खाली उतरत असताना काका आणि काकू आल्या. काकूंनी बाबांसाठी तिळाचे लाडू आणले होते आणि काकांनी एक वही. आम्ही खोली-खोलीतून फिरलो. नळ उघडून पाहिले, दिवे लावून पाहिले, विजेच्या मीटरवरचा आकडा दोघांनी आपापल्या मोबाइलमध्ये टिपला, गॅसच्या मीटरचाही. रंगाचे पंधरा हजार त्यांनी यादीत लिहिले होते. मी घर घेतल्या दिवशी काढलेले फोटो दाखवले. ओलीचा पट्टा तेव्हाही होता, थोडा फिका. आणि करारात ‘नेहमीच्या वापराने होणारी झीज वगळता’ हे शब्द होतेच. काकूच म्हणाल्या, “अहो, आठ महिन्यांत कसला रंग जातोय? राहू द्या.” त्यांनी रेघ मारली. खिळ्यांची भोके नवऱ्याने आदल्या रात्रीच पुट्टीने बुजवली होती, काहीशी ओबडधोबड. मग एका कागदावर तारीख, मीटरचे आकडे, किल्ल्यांचे तीन जोड आणि येणेबाकीची रक्कम लिहून दोघांच्या सह्या झाल्या. नोंदणीकृत करारातून बाहेर पडताना हा साधा कागद फार कामाचा, कारण पुढे कोणी ‘घराचा ताबा नेमका कधी दिलात’ असे विचारले तर त्याचे उत्तर दुसरीकडे कुठेच लिहिलेले नसते.

फेब्रुवारीचे चोवीस हजार आणि नव्या कराराच्या खर्चातला आमचा वाटा वजा जाऊन उरलेली अनामत, नवे कुटुंब आले त्याच संध्याकाळी खात्यात जमा झाली. शहाण्णव हजारांची भीती होती, तिच्या जवळजवळ चौथाईवर निभावले. काकांचेही, खरे पाहता, एका महिन्याचेसुद्धा भाडे बुडाले नाही.

गीझरच्या साडेतीन हजारांवर मात्र अजून एकमत नाही. नवे कुटुंब राहायला आल्यावर दुसऱ्याच दिवशी तो बंद पडला. काकांचे म्हणणे, आमच्या वेळीच त्याची कॉइल गेली असणार. माझे म्हणणे, पाहणीच्या दिवशी त्यांनी स्वतः नळाखाली हात धरून पाणी गरम येते हे पाहिले होते आणि तसे त्या कागदावर लिहिले आहे. काका दर आठवड्याला फोन करतात, आधी बाबांची चौकशी करतात, आज किती पावले चालले ते विचारतात, आणि मग गीझरवर येतात.